पिंजरा टाकण्याआधी पाण्याचा हिशेब: खाडीतल्या मत्स्यशेतीचं मॉडेल, अगदी सुरुवातीपासून

खाडीत पिंजरा टाकायचं ठरलं की चौकशा सुरू होतात त्या बोटुकली कुठे मिळेल, खाद्य काय भावाने पडेल, अनुदान किती बसेल, अशा. या पाण्याला किती मासे झेपतील, हा प्रश्न बहुतेकांना पहिली मरतूक झाल्यावर सुचतो. मलाही तेव्हाच सुचला. ती गोष्ट पुढे येईलच.

ज्यांनी आजवर एकही मॉडेल चालवलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे: बचतगट, गावची मच्छीमार संस्था, मत्स्यविज्ञान शिकून नुकतीच घरी परतलेली मुलं. उदाहरण धरलंय कोकणातल्या खाडीचं. पिंजरा ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद, जाळं अडीच मीटर खोल, आत जिताडा. मासा बदलला, पिंजरा बदलला तर आकडे बदलतील. रीत तीच राहील. सामग्री म्हणाल तर होडी, दोरी, शिशाचं वजन, घड्याळ, ऑक्सिजन मोजायचा हातातला मीटर आणि संगणकावर एक्सेलसारखं काहीही. सॉफ्टवेअर लागलंच तर सगळ्यांत शेवटी.

मॉडेल म्हणजे काय, ते आजोबांना विचारा

कोकणातल्या कुठल्याही जुन्या मच्छीमाराला भरतीची वेळ विचारा. तो मोबाइल काढत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे हीच वेळ सकाळी आणि संध्याकाळी, दोन्हीकडे धरायची.

हेच मॉडेल. आत एक माहिती घातली, साधा गुणाकार केला, बाहेर वापरता येईल असं उत्तर आलं. ते थोडं चुकतंही: भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, या हिशेबात ४५ मिनिटांनी. शिवाय खाडीच्या मुखाशी आलेली भरती आत आठ-दहा किलोमीटरवर पोचायला वेळ घेते, म्हणून प्रत्येक गाव आपापली अर्धा-पाऊण तासाची दुरुस्ती मनातल्या मनात करून टाकतं. या दुरुस्तीला मॉडेलवाले कॅलिब्रेशन म्हणतात. पन्नास लाखांच्या संगणकावर चालणाऱ्या मॉडेललाही ती चुकलेली नाही.

आता त्याच पाऊणपटीतून एक गोष्ट निघते, ती नीट पाहा. अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ मंदावते. आणि याच तिथींना भरती पूर्ण होते सकाळी ६ ते पावणेसातला. भरती पूर्ण झाली की पाणी काही वेळ उभं राहतं. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी कधी असतो? सूर्य उगवायच्या सुमाराला, कारण रात्रभर मासे, शेवाळ, गाळातले जीव सगळे श्वास घेतात आणि ऑक्सिजन तयार करणारं ऊन नसतं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पंधरवड्यातलं सगळ्यांत सुस्त पाणी आणि दिवसातला सगळ्यांत कमी ऑक्सिजन एकाच वेळी गाठ पडतात. भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, त्यामुळे मुखाजवळ ही गोष्ट तितकी जाचत नाही. आतल्या खाडीत जाचते. पुढचा सगळा हिशेब या तासाभोवती फिरणार आहे.

पायरी १: नकाशा, पण कमीत कमी पाण्याचा

जागा पाहायला लोक भरतीला जातात, कारण होडी तेव्हाच सोयीने लागते. खोली मोजायला मात्र पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासच्या ओहोटीला जा. उधाणाची ओहोटी बहुधा संध्याकाळी ५-६ च्या सुमारास येते, उजेड असतो. दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ मारा, टोकाला शिसं बांधा आणि पात्र आडवं कापत दर दहा-वीस मीटरवर तळ मोजा. मोबाइलमधलं जीपीएस त्या त्या ठिकाणी टिपून ठेवा. अशा सात-आठ आडव्या रेषा झाल्या की हाताशी नकाशा आला.

जाळ्याच्या बुडाखाली निदान जाळ्याच्या खोलीइतकं पाणी उरावं, असं मी धरतो. अडीच मीटर जाळं असेल तर सगळ्यांत कमी पाण्यातही ५ मीटर हवं. खाडीत अशी जागा फार नसते, आणि जिथे असते तिथून बहुधा होड्यांची वाट जाते. हा वाद नकाशावरच मिटवा, पाण्यात मिटवायला गेलात तर महागात पडेल.

क्षेत्रफळासाठी क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर आणि सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची फुकट चित्रं पुरतात. त्याच नकाशावर कांदळवन, कालवांच्या खडपी, तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढायच्या जागा, डोली (खुंटांना बांधायची जाळी) लागतात ती ठिकाणं, गावाचं सांडपाणी उतरतं तो ओहोळ, रेती काढण्याच्या जागा दाखवा. कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने संरक्षित आहे; तिथे खुंट मारायचा विचारही नको. पिंजऱ्याची मत्स्यशेती २०२३ च्या दुरुस्तीनंतर तटीय जलकृषी प्राधिकरणाच्या कायद्यात आली आहे, तेव्हा कागदपत्रांची विचारणा मत्स्यव्यवसाय खात्याकडे आधीच करून ठेवा. कागदपत्रांबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय.

पायरी २: ओढ मोजा, पंधरा दिवस

माझी चूक याच पायरीवर झाली. जागा पक्की करायला आम्ही रविवारी गेलो, कारण सगळ्यांना सुट्टी. तो रविवार पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आलेला. पाणी असं धावत होतं की होडी जागेवर ठेवता येईना. वेग निघाला सेकंदाला ६० सेंटिमीटर. आम्ही खूश. एवढी ओढ असल्यावर माशांना काय कमी! ऑक्टोबरातल्या नवमीला सकाळी पावणेसातला फोन आला की मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. मी पोचेपर्यंत पाण्याला पुन्हा ओढ लागली होती आणि तिसरा हिस्सा मासे उलटे झाले होते. संध्याकाळी गावात चर्चा होती की कोणीतरी विष टाकलं. कोणी टाकलं नव्हतं. आम्ही उधाणाचा वेग मोजून भांगात मासे ठेवले होते.

तर ओढ मोजायची ती उधाण ते भांग असा पूर्ण फेरा धरून, म्हणजे निदान १५ दिवस. रोज दिवसभर बसायला नको. उधाणाचे दोन दिवस आणि भांगाचे दोन दिवस भरती ते भरती, दर अर्ध्या तासाला मोजलं तरी पुष्कळ.

साधन म्हणून शहाळं घ्या. शहाळं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही; रिकामी बाटली वाऱ्याबरोबर पळते आणि आकडा फसवतो. २० मीटरची दोरी होडीतून सरळ धरा, शहाळं एका टोकाशी सोडा, दुसऱ्या टोकाशी पोचायला लागलेले सेकंद मोजा. २० मीटरला २०० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १० सेंटिमीटर. हा वरच्या पाण्याचा वेग. सगळ्या खोलीची सरासरी हवी तर त्याला ०.८५ ने गुणा. जाळ्याच्या मधोमधचा वेग पाहायचा तर पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांत आडवे-उभे अडकवून सव्वा मीटर खाली टांगा आणि वर छोटा तरंगा ठेवा.

वहीत तिथी, वेळ, वेग, दिशा. आणि एक रकाना असा की पाणी किती मिनिटं उभं राहिलं. हा रकाना कोणी ठेवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

याच आकड्यांवरून आणखी एक प्रश्न सुटतो: समुद्राचं ताजं पाणी आपल्यापर्यंत येतं का? भांगाला सरासरी ओढ सेकंदाला १० सेंटिमीटर असेल, तर सव्वासहा तासांच्या भरतीत पाण्याचा एखादा थेंब साधारण सव्वादोन किलोमीटर सरकतो. तुमचा पिंजरा मुखापासून ६ किलोमीटर आत असेल तर भांगात समुद्राचं पाणी एका भरतीत तिथे पोचतच नाही. तेच पाणी झोपाळ्यासारखं पुढेमागे होत राहतं.

पायरी ३: एका पिंजऱ्याचा ऑक्सिजन

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या चुका सावकाश दाम मागतात, ही एका सकाळीत वसूल करते.

पिंजऱ्यात ४० घनमीटर पाणी. घनमीटरला १० किलो मासे धरले तर ४०० किलो. गरम पाण्यात खाऊन झालेला मासा किलोमागे तासाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन घेतो असं मी सावधपणे धरतो. तुमच्या माशाचा, तुमच्या वजनाचा आकडा मत्स्य महाविद्यालयातून घ्या. म्हणजे तासाला १६० ग्रॅम.

आता पाणी किती येतं? ओढीच्या समोरची बाजू ४ × २.५, म्हणजे १० चौरस मीटर. ओढ सेकंदाला ५ सेंटिमीटर असेल तर तासाला १,८०० घनमीटर पाणी आरपार जातं. १६० ग्रॅम भागिले १,८०० घनमीटर: पिंजऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.०९ मिलिग्रॅम ऑक्सिजन कमी. काहीच नाही.

ओढ अर्ध्या सेंटिमीटरवर आली की पाणी तासाला १८० घनमीटर, आणि घट ०.८९ मिलिग्रॅम. जाळ्यावर शेवाळ, शिंपले, बार्नेकल चढून निम्मं पाणी अडलं, तर घट १.७८. आणि पाणी अगदी उभंच राहिलं तर? ४० घनमीटर पाणी, तासाला १६० ग्रॅम खर्च: लिटरमागे तासाला ४ मिलिग्रॅम. २८ अंशाच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन पूर्ण भरलेला असला तरी लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. पहाटे तो साडेचारवर उतरलेला असेल तर पाणी अर्धा तास उभं राहिलं की तुम्ही अडीचवर. जिताड्याला मी चारच्या खाली जाऊ देत नाही.

हे एक्सेलमध्ये मांडायला पाच रकाने लागतात: वेळ, ओढ, जाळं किती टक्के मोकळं, बाहेरचा ऑक्सिजन, आतला ऑक्सिजन. माझ्या दृष्टीने नवख्याचं हे पहिलं खरं मॉडेल. घनमीटरला १० किलोच्या जागी ६ घालून पाहा. जाळं १०० टक्के मोकळं धरा, मग ५० टक्के धरा. जाळं वेळेवर धुण्याने जे साधतं ते महागड्या यंत्रानेही साधत नाही, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. पिंजरे ओळीत लावायचे असतील तर पहिल्याचं बाहेर पडणारं पाणी दुसऱ्याचं आत येणारं पाणी म्हणून घाला. पाच पिंजऱ्यांची ओळ ओढीच्या दिशेने लावली की शेवटच्याला काय मिळतं ते दिसेल. मग ओळ आडवी फिरवा आणि पुन्हा पाहा.

पिंजरे किती घनतेने भरायचे ते या तक्त्यातल्या भांगाच्या पहाटेच्या ओळीवरून ठरवा. महिन्याची सरासरी काढू नका. सरासरी ऑक्सिजनवर मासे जगत नाहीत.

पायरी ४: तळाला काय पडतं, कुठे पडतं

न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी जातात. किती लांब जाऊन पडतात, हे सांगणारं सूत्र इतकं सोपं आहे की होडीत बसून तोंडी करता येतं: जाळ्याखालची खोली गुणिले ओढीचा वेग, भागिले बुडण्याचा वेग.

बुडण्याचा वेग घरी काढता येतो. काचेच्या उंच बरणीत खाडीचं पाणी घ्या, खाद्याचे दाणे एकेक सोडा, ३० सेंटिमीटर उतरायला किती सेकंद लागतात ते पाहा. दाणा पटकन जातो, सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास. विष्ठा सावकाश उतरते, ३ सेंटिमीटर धरू. जाळ्याखाली ३ मीटर पाणी आणि ओढ १० सेंटिमीटर: दाणा ३ मीटरवर पडला, विष्ठा १० मीटरवर. ओढ २ सेंटिमीटर: दाणा जवळजवळ पायाखालीच, विष्ठा २ मीटरवर.

आता वजन. एका पिंजऱ्यात रोज ८ किलो खाद्य टाकलं, त्यातलं ५ टक्के वाया गेलं, खाल्लेल्याच्या २० टक्के विष्ठा झाली, तर रोज सुमारे १.९ किलो घाण. पाणी १० सेंटिमीटरने धावताना ती भरती-ओहोटी दोन्ही दिशांना पसरते, समजा २४ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पट्ट्यात: चौरस मीटरला १३ ग्रॅम. ओढ २ सेंटिमीटरवर असताना तीच घाण ८ × ४ मीटरच्या तुकड्यात: ५९ ग्रॅम. मासे तेवढेच, खाद्य तेवढंच, आणि तळावरचा भार साडेचारपट.

यातून लगेच कळणारी गोष्ट: उभ्या पाण्यात खाद्य टाकू नका. ऑक्सिजनचंही तेच सांगणं आहे, कारण खाल्ल्यावर मासा जास्त श्वास घेतो. भांगात पहाटेचं खाद्य बंदच ठेवावं. गड्याला ठरलेल्या वेळी खाद्य टाकून घरी जायचं असतं, त्याला हे पटवणं कुठल्याही मॉडेलपेक्षा अवघड. आम्ही शेवटी पंधरवड्याचं वेळापत्रक तिथीनुसार लिहून शेडमध्ये चिकटवलं, तेव्हा जमलं.

पायरी ५: अख्ख्या खाडीचं खातं

एक पिंजरा जगला म्हणजे खाडी जगली असं नाही. नत्राचा हिशेब करून पाहू. खाद्यात ४५ टक्के प्रथिनं असतील तर त्यांना ६.२५ ने भागून ७.२ टक्के नत्र, म्हणजे किलोला ७२ ग्रॅम. एक टन मासा वाढवायला दोन टन खाद्य लागलं तर आत गेलं १४४ किलो नत्र. एक टन मासा विकला की त्याच्या अंगातून सुमारे २७ किलो बाहेर गेलं. उरलेलं ११७ किलो खाडीत. त्यातला मोठा भाग कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने पाण्यात विरघळतो, दिसतही नाही.

गोळी खाद्याऐवजी बारीक टाकाऊ मासळी घातली तर? तिच्यात १८ टक्के प्रथिनं धरा, आणि एका टनाला सहा टन लागतात असं धरा. आत गेलं सुमारे १७३ किलो, खाडीत उरलं १४६. शिवाय रक्तपाणी आणि चुरा वेगळा. स्वस्त म्हणून टाकाऊ मासळी घालणाऱ्यांनी हा आकडा स्वतः करून पाहावा.

हे नत्र साठतं की वाहून जातं? त्यासाठी खाडीचा तुकडा एक मोठं पिंप समजा. दहा हेक्टरचा आतला भाग, भांगाच्या ओहोटीला सरासरी ३ मीटर पाणी, भांगाची चढउतार ०.८ मीटर. ओहोटीला ३ लाख घनमीटर, भरतीला ३ लाख ८० हजार. एका भरतीत बदलणारं पाणी ८० हजार. भरतीचं एकूण पाणी भागिले बदलणारं पाणी, गुणिले १२.४२ तास (एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचा वेळ): सुमारे ५९ तास. म्हणजे पाणी बदलायला अडीच दिवस. उधाणात चढउतार २.२ मीटर, ओहोटीची खोली २.४ मीटर धरली तर तोच हिशेब २६ तासांवर येतो. त्यातही बाहेर गेलेलं निम्मं पाणी पुढच्या भरतीला परत येत असेल तर दोन्ही आकडे दुप्पट करा. खाडीच्या मुखाशी रेतीचा दांडा असेल तर दुप्पटच धरा.

या तुकड्यात १२ पिंजरे, म्हणजे ४.८ टन मासे, रोज ९६ किलो खाद्य. विरघळणारं नत्र रोज साडेचार किलोच्या आसपास. अडीच दिवसांत साठलेलं ११ किलो ३ लाख ८० हजार घनमीटरमध्ये वाटलं, तर लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम वाढ. निम्मं पाणी परत येत असेल तर ०.०६. झेपण्यासारखं. पण तुमचं पाहून शेजारच्या दहा गटांनी तेवढेच पिंजरे टाकले, तर ०.६ च्याही वर. तेव्हा पाणी हिरवं होणार, आणि रात्री तेच हिरवं पाणी तुमचा ऑक्सिजन खाणार.

ही धास्ती कल्पनेतली नाही. फिलिपिन्समध्ये लुझॉन बेटावर बोलिनाओ नावाचं गाव आहे, तिथे खाडीत मिल्कफिश वाढवतात. पालिकेने ५४४ पिंजऱ्यांची आणि कुंपणांची मर्यादा घातली होती; २००२ पर्यंत ते ११७० झाले. त्या वर्षी पाण्यात सूक्ष्म शैवालाचा भर आला, ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि माशांचा खच पडला. मर्यादा होती, कागदावर होती. म्हणून हा पाचव्या पायरीचा तक्ता एकट्याने करू नका, खाडीवरच्या सगळ्या गटांनी एकत्र बसून करा. पिंजरे गटांत वाटून घ्यायचे तर आधी एकूण किती, हे ठरलेलं हवं.

पायरी ६: आता सॉफ्टवेअर

इथवर येईपर्यंत तुमच्याकडे जे जमलं, तेच मोठी मॉडेलं मागतात: खोली, १५ दिवसांची ओढ, खाद्य, माशांचं वजन, बुडण्याचा वेग. हे नसताना सॉफ्टवेअर उतरवून घेतलं तर रंगीत नकाशा निघेल, आणि तो खोटा असेल.

तळावरच्या घाणीसाठी सगळ्यांत नावाजलेलं डेपोमॉड. स्कॉटलंडमधल्या ओबानच्या समुद्रविज्ञान संस्थेचं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालं, आता न्यूडेपोमॉड म्हणून चालतं. तिथे सामन माशाच्या पिंजऱ्यांना परवानगी देताना ते वापरतात. चौथ्या पायरीचंच सूत्र, फक्त हजारो कणांसाठी आणि क्षणोक्षणी बदलत्या ओढीसाठी. एक सावधगिरी: सेकंदाला ९.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वेग तळाशी आला की बसलेली घाण पुन्हा उठते, हा त्याच्या मूळ आवृत्तीतला आकडा तिकडच्या समुद्राचा आहे. आपल्या खाडीचा चिकट काळा गाळ त्याला बांधील नाही. मिल्कफिश आणि तिलापिया अशा उष्ण पाण्यातल्या माशांसाठी याच घराण्यातलं ट्रोपोमॉड फिलिपिन्ससाठी तयार झालं. आपल्याला ते जास्त जवळचं.

नॉर्वेचं मॉम नावाचं मॉडेल मला विचारसरणी म्हणून आवडतं. त्याच्या तीन अटी आहेत: पिंजऱ्याखालच्या तळातले जीव संपता कामा नयेत, पिंजऱ्यातलं पाणी माशांना पुरेसं असावं, आणि आजूबाजूचं पाणी बिघडू नये. आपल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पायऱ्यांची ही मोजपट्टी. पिंजऱ्यांसोबत कालवं किंवा शिणाणे लावायचे असतील तर शिंपल्यांसाठी बनवलेलं फार्म नावाचं मॉडेल पाहा. भरती-ओहोटीच्या पाण्याची हालचाल मांडायची असेल तर नेदरलँड्सचं डेल्फ्ट-थ्रीडी आहे, पण ते एकट्याने शिकायला सहा महिने सहज जातात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून तुमची खाडी देऊ करा. त्याला आकडे हवेत, तुम्हाला उत्तर.

एका मोहापासून जपा. जागतिक समुद्र-मॉडेलांचे फुकट आकडे महाजालावर मिळतात. त्यांचा एकेक चौकोन आठ-नऊ किलोमीटरचा असतो. त्यात तुमची खाडी नाहीच, तिच्या जागी एक तर समुद्र आहे किंवा जमीन. खुल्या समुद्रातल्या लाटा आणि वाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचे अंदाज उत्तम आहेत. खाडीतल्या ओढीला शहाळंच.

पावसाळ्याचा तक्ता वेगळा ठेवा. जुलैत आतल्या खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, ओढ एकाच दिशेची होते, वर गोडं आणि खाली खारं असे थर बसतात. थर असले की पिंप भरून पाणी एकसारखं आहे, हे पाचव्या पायरीचं गृहीतच मोडतं. मुखाबाहेर पिंजरे टाकण्याचा विचार असेल तर आणखी एक: पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खालून कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात ते वर्षानुवर्षं मोजलं आहे.

पायरी ७: मॉडेल खोटं पाडायचा प्रयत्न करा

४ इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्या, एक तोंड बंद करा, आणि पिंजऱ्याखाली, १० मीटरवर, ३० मीटरवर टांगा. दोन दिवसांनी काढून आतला गाळ वाळवून तोला. चौथ्या पायरीत जे लिहिलं होतं त्याच्याशी जुळतं का पाहा. ३० मीटरवरच्या पाइपातलं वजन म्हणजे खाडीचा आपला स्वतःचा गाळ. तो बाकीच्यांतून वजा करा.

दर दोन महिन्यांनी दीड-दोन इंची पाइप गाळात खुपसून वर ओढा. नॉर्वेत पिंजऱ्यांखालची तपासणी करणारे गाळातले बुडबुडे, रंग, वास, घट्टपणा आणि थराची जाडी यांना गुण देतात. यातलं एकही आपल्या बायामाणसांना नवं नाही. तिसऱ्या काढणाऱ्या बाईला गाळ बिघडलाय का विचारा, ती हात घालून सांगेल. सडक्या अंड्याचा वास, काळा मऊ लोणी गाळ, वर पांढरी साय आणि कसल्याही किड्याची वळवळ नाही, असं दिसलं तर पिंजरे तिथून हलवा आणि ती जागा पडीक ठेवा. किती महिने, हे त्याच पाइपाला विचारा.

आकडे जुळले नाहीत तर आधी मोजमाप तपासा, मग गृहीतकं. आमच्याकडे एकदा ऑक्सिजन सतत दीड मिलिग्रॅम जास्त येत होता. मीटरच्या सेन्सरवरचा पातळ पडदा फाटला होता.

पुढची अष्टमी कधी आहे ते कॅलेंडरवर पाहा. पहाटे साडेचारला होडीत बसा, सोबत मीटर, बॅटरी, वही, शहाळं आणि थर्मासात चहा. पाण्याच्या अर्धा मीटर खाली, मधोमध आणि तळाच्या थोडं वर, अशा तीन ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी ऑक्सिजन मोजा. मधल्या वेळात शहाळं सोडत राहा. ते जागचं हलेनासं झालं की घड्याळ पाहा आणि पुन्हा हलेपर्यंतची मिनिटं त्या रकान्यात लिहा.